मुलाच्या अंगावर कॉफी रंगाचे डाग: दोन जनुकांची चाचणी की मोठं पॅनल?

सहा किंवा जास्त डाग, प्रत्येक ५ मिलिमीटरहून मोठा, आणि घरात कुणालाच असं काही नाही. इथवर आलेल्या आईबाबांना सहसा दोन पर्याय मिळतात: फक्त एनएफ-१ आणि स्प्रेड-१ ही जनुकं तपासा, किंवा आनुवंशिक कर्करोगांच्या कितीतरी जनुकांचं पॅनल करा. आमच्या मुलीसाठी आम्ही पहिला निवडला. (घरात कुणाला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, एनएफ-१ मधल्या बिघाडाने होणाऱ्या न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजाराचे सुमारे निम्मे रुग्ण त्यांच्या घरातले पहिलेच असतात.)

ही दोन जनुकं एकत्रच तपासावीत. एनएफ-१ पासून बनणारं न्यूरोफायब्रोमिन रॅस हा वाढीचा संदेश बंद करतं, आणि स्प्रेड-१ चं प्रथिन त्याला पेशीच्या पटलापाशी, म्हणजे रॅस असतो तिथे, घेऊन येतं. त्यामुळे दोघांपैकी कुठलंही बिघडलं तरी डाग सारखेच दिसतात. पुढचा प्रवास मात्र फार वेगळा. स्प्रेड-१ बिघडल्याने होणाऱ्या लेजियस सिंड्रोममध्ये एनएफ-१ सारखे न्यूरोफायब्रोमा, म्हणजे नसांवरच्या गाठी, होत नाहीत, डोळ्याच्या नसेवरची गाठही नाही. त्या गाठीसाठीच्या डोळ्यांच्या तपासणीची दरवेळची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हा फरक केवढा आहे ते कळेल.

मोठं पॅनल आम्ही जवळून पाहिलं होतं. वहिनींना कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांचं ते केलं, आणि त्यांच्यासाठी ते योग्यच होतं. पण रिपोर्टात एटीएम या, स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकात एक बदल निघाला: व्हीयूएस, म्हणजे अर्थ अनिश्चित. अशा बदलावरून उपचार ठरवत नाहीत, आणि त्यातले बहुतेक पुढे निरुपद्रवीच ठरतात. हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. तरी ती ओळ घरातून गेली नाही. प्रत्येक नवा डॉक्टर तिथेच थांबतो, पुतणीची तपासणी करायची का हा विषय पुन्हा निघतो, आणि उत्तर कुणाकडेच नसतं. जनुकं जितकी जास्त तपासाल तितक्या अशा ओळी वाढतात. लहान मुलीच्या फाइलमध्ये ती मला नको होती, आणि खरं सांगायचं तर माझा निर्णय तिथेच झाला.

शिवाय बीआरसीएसारख्या, स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांचा धोका मोठेपणी उभा राहतो. ती लहानपणी तपासू नयेत, मूल सज्ञान झालं की त्याला ठरवू द्यावं, असाच सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. सरसकट मोठ्या पॅनलमध्ये तो निर्णय आईबाबांच्या सहीवर होऊन जातो.

अर्थात प्रत्येक घर वेगळं. आईबाबा जवळच्या नात्यातले असतील, किंवा भावंडाला लहानपणी कर्करोग झाला असेल, तर असेच डाग डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांमुळेही येऊ शकतात. तिथे दोन जनुकांवर थांबू नका. घरात तरुण वयात वेगवेगळे कर्करोग झाले असतील तर टीपी-५३ या, कर्करोगाला आळा घालणाऱ्या जनुकाचा विचार हवाच, आणि तिथे मीही पॅनलच घेईन.

लहान चाचणी घेणार असाल तर नमुना देण्याआधी दोन गोष्टी विचारा. जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तो सापडेल का? आणि डीएनएत काही मिळालं नाही तर आरएनए, म्हणजे पेशीत जनुकावरून उतरवली जाणारी नक्कल, तपासता का? एनएफ-१ मधले काही दोष आरएनएतच उघड होतात.