गाडीला विंच लावून नऊ महिने: वापरानंतरचा अनुभव

पुढच्या बंपरमध्ये इलेक्ट्रिक विंच, म्हणजे मोटरने दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, बसवून आता नऊ महिने होतील. मी वहीत नोंद ठेवतो म्हणून नेमकं सांगता येतं: दोर एकूण १४ वेळा बाहेर काढला. पाच वेळा स्वतःच्या गाडीसाठी, सहा वेळा इतरांच्या आणि तीन वेळा नुसत्या सरावाला. घेताना वाटलं होतं तितकी ती लागत नाही आणि लागते तेव्हा वाटलं होतं त्याच्या तिप्पट वेळ खाते. या नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त हातात आलेली वस्तू विचाराल तर ती फावडं.

माझी विंच १२ व्होल्टची आहे. ओढ ९५०० पौंड, म्हणजे साधारण ४३०० किलो, आणि सोबत २७ मीटर सिंथेटिक दोर. सामानसुमान धरून माझी गाडी २५०० किलोच्या आसपास भरते. भरलेल्या गाडीच्या किमान दीडपट ओढीची विंच घ्यावी असा ठोकताळा आहे. तो ३७५० येतो, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

ही निर्धास्ती दुसऱ्याच महिन्यात उतरली. ओढ्याकाठच्या चढावर गाडी चारही चाकांनी तुंब्यापर्यंत रुतली. समोर जेमतेम सहा मीटरवर चांगलं जाडजूड झाड. इतक्या जवळ झाड मिळालं म्हणून मी खूश! पट्टा बांधला, दोर लावला, बटण दाबलं. दोर ताठ झाला, मोटर कण्हली आणि थांबली. गाडी तसूभरही हलली नाही. मला वाटलं विंच बिघडली.

बिघडलं काहीच नव्हतं. खोक्यावर छापलेली ओढ ही ड्रमवरच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या रुळावरच्या, सगळ्यात आतल्या थराची असते. दोर जितका ड्रमवर शिल्लक, तितका ड्रमचा घेर मोठा, आणि घेर मोठा झाला की तीच मोटर कमी ताकदीने ओढते. माझ्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलंय की शेवटच्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या थरावर ओढ २७०० किलोच्या घरात येते. सहा मीटर दोर काढला होता, म्हणजे मी जवळपास त्याच थरावर होतो. आता दुसरी बाजू बघा. चाकं अशी रुतली की चिखलाचा अडसरच साधारण गाडीच्या वजनाइतका धरायचा, म्हणजे २५००. त्यात १५ अंशांच्या चढाने वजनाच्या पावपट भर घातली, म्हणजे सव्वासहाशे. एकूण तीन हजारांच्या वर. २७०० मध्ये ते कसं बसणार? जवळचं झाड हेच तिथलं चुकीचं झाड होतं.

तेव्हा सोबतच्या मित्राने पेटीतून कप्पी काढली. तोपर्यंत ती प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही बाहेर आलेली नव्हती. दोर झाडाच्या पट्ट्याला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्याच चेसिसच्या हुकाला आणला. बाहेर गेलेला दोर आता १२ मीटर, त्यामुळे ड्रमवरचा घेर घटला. शिवाय गाडीला ओढणारे फाटे दोन झाले, म्हणजे प्रत्येक फाट्यावर निम्माच भार. वेगही निम्मा झाला, पण घाई कोणाला होती? झाडाला आणि त्याच्या शॅकलला, म्हणजे पट्टा आणि कप्पी जोडणाऱ्या पिनवाल्या लोखंडी कडीला, मात्र दोन्ही फाट्यांचा मिळून पूर्ण ताण बसतो, हे लक्षात ठेवून पट्टा आणि शॅकल निवडावे लागतात. कप्पी लावली की कामच हलकं झालं, असं समजून हाताला येईल तो शॅकल अडकवणारे मी नंतर पाहिले आहेत. माझ्याकडचा १९ मिलिमीटर जाड कमानीचा, त्यावर ४.७५ टन असा आकडा कोरलेला आहे. ज्याच्यावर आकडाच नाही असा शॅकल मी गाडीत ठेवत नाही.

बटण दाबण्याआधी दोघांनी मिळून वीस मिनिटं चाकांपुढचा चिखल उपसला होता. खरं तर त्यानेच निम्मं काम केलं असं माझं मत आहे. मित्राला ते अजून मान्य नाही, कारण कप्पी त्याने काढली होती.

दोर आधी तारेचा घेणार होतो. तारेचा दोर खडकावर घासला तरी फारसं बिघडत नाही, उन्हाने कुजत नाही, निगाही कमी मागतो. पण त्याला लवकरच बारीक काटे सुटतात, जाड चामडी हातमोजे नसतील तर तळवा फाटतो आणि तुटला तर तो चाबकासारखा येतो. सिंथेटिक दोर हलका असतो, हाताला बरा वाटतो आणि तुटल्यावर त्याच्यात तितका जोर राहत नाही. 'तितका' म्हटलंय. टोकाचा हूक किंवा शॅकल सुटून आला तर तो दोर कशाचा आहे हे विचारत नाही. म्हणून दोराच्या मधोमध जड काहीतरी टाकायचंच, जाड जाकीट चालेल, वाळू भरलेली पिशवी उत्तम. बोनेट उघडून ठेवलं तर काचेला आडोसा होतो. एक गोष्ट मला उशिरा कळली: दोर ज्या तोंडातून आत-बाहेर होतो ते फेअरलीड तारेच्या दोरासाठी चार रोलरवालं असतं, सिंथेटिकसाठी गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचं. जुन्या तारेने चरे पाडलेल्या फेअरलीडमधून नवा सिंथेटिक दोर ओढला तर तो किसणीवर घासल्यासारखा होतो.

झाडाभोवती थेट दोर गुंडाळून हूक त्याच दोरावर अडकवायचा नाही. दोर तिथे चिमटतो आणि झाडाची साल सोलली जाते. साल पूर्ण गोल निघाली तर ते झाड वाळतं. रुंद पट्टा बुंध्याच्या शक्य तितक्या खाली बांधायचा. दुसऱ्या गाडीला दोर लावताना तिच्या मागच्या टो बॉलला लावायचा नाही, तो ट्रेलर ओढण्यापुरता असतो. चेसिसला पक्का बसवलेला हूक नसेल तर मी सरळ नाही म्हणतो. दोन वेळा म्हटलं आणि दोन्ही वेळा समोरच्याने तोंड वाकडं केलं.

माणसांचं काम यंत्रापेक्षा अवघड आहे. गाडी रुतली की बघे जमतात, आणि ताठ दोर दिसला की एकाला तरी तो ओलांडून पलीकडे जायचंच असतं. बाहेर जेवढा दोर आहे त्याच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना उभं करायचं आणि खुणा करणारा माणूस एकच ठेवायचा. कप्पीने दोर कोनात वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही नको, कारण पट्टा तुटला तर कप्पी तिकडेच उडते. आता मी आधी माणसं हलवतो, मग दोर सोडतो. उलट क्रमाने केलं की कोणी ऐकत नाही.

विजेची बाजू मी सुरुवातीला हलक्यात घेतली होती. भार नसताना ही मोटर ७०-८० अँपिअर घेते, पूर्ण ताणावर ४०० च्या वर जाते. इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर १२० चा. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. त्यामुळे इंजिन चालू ठेवायचं, मोठ्या ताणाखाली मिनिटभर ओढायचं, थांबायचं आणि मोटरला हात लावून बघायचं. हात ठेववत नसेल तर सरळ चहाचा ब्रेक घ्यायचा. तिसऱ्या महिन्यात एकाची गाडी काढताना सलग ओढत बसलो आणि शेवटी दोन्ही गाड्यांपैकी माझीच स्टार्ट होईना.

सहाव्या महिन्यात मात्र घाबरलो. बटण सोडलं तरी ड्रम फिरतच राहिला. हूक फेअरलीडपासून दोन हातांवर, आणि तो धरायला गेलेला माझा मित्र तीन हातांवर. मी ओरडलो आणि विंचची बॅटरीकडून येणारी वीजच तोडणारा आयसोलेटर स्विच फिरवला, तेव्हा ती थांबली. कॉन्टॅक्टरचे, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट आतल्या आत चिकटले होते. बॅटरी उतरलेली असताना ओढत राहिलं की ते चिकटतात, म्हणजे मागच्या चुकीचं व्याज होतं हे. विंच बसवणाऱ्याने आयसोलेटर लावलाच नव्हता. 'कशाला उगाच खर्च,' म्हणाला होता. मी हट्टाने लावून घेतला आणि बोनेटखाली न ठेवता बाहेरून हात पोहोचेल असा घेतला. हूक आत घेताना त्याला बांधलेली छोटी पट्टी धरायची असते, हूक नव्हे, आणि शेवटचा मीटरभर दोर बटण टिचक्या मारत आत घ्यायचा, हेही त्या दिवसापासून आम्ही कटाक्षाने पाळतो.

तिरकं ओढणं ही माझी आणखी एक वाईट सवय होती. दोर एका बाजूने आत येत राहिला की ड्रमच्या त्याच कडेला ढीग होतो आणि तो ढीग विंचच्या दांड्यांना जाऊन भिडतो. गाडी सरळ झाली की थांबून दोर सोडायचा आणि पुन्हा नीट गुंडाळायचा. तोही ढिला गुंडाळून चालत नाही, नाहीतर पुढच्या ओढीला वरचा वेढा खालच्या थरात घुसून अडकतो. मी सपाट रस्त्यावर दोर झाडाला लावतो, हँडब्रेक किंचित ओढून गाडीलाच तिच्या दोराने पुढे घेत जातो, म्हणजे प्रत्येक थर घट्ट बसतो. ड्रमवर शेवटचे दहा वेढे नेहमी ठेवायचे, कारण दोर घर्षणावर धरलेला असतो, टोकाच्या स्क्रूवर नव्हे. तिथे मी लाल धागा ओवून ठेवलाय. तो दिसला की थांबायचं.

दोराचं खरं नुकसान मी केलं ते ओढताना नाही, उतरवताना. एका तीव्र उतारावर मित्राची गाडी माझ्या विंचने हळूहळू खाली सोडली. विंचचा ब्रेक ड्रमच्या पोटातच असतो. भाराखाली दोर सोडताना तो तापतो आणि ड्रमवरचे आतले वेढे शेकले जातात. हा दोर ज्या धाग्याचा असतो तो १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, आणि ताकद त्याच्या बरीच आधी घालवतो. जळका वास आला, पण मी तो मित्राच्या क्लचचा समजलो. पुढच्या आठवड्यात चिखल धुवायला दोर पूर्ण उलगडला तेव्हा आतला अडीच मीटर भाग कडक आणि चकचकीत झालेला दिसला. तो कापून टाकला. आता भाराखाली सोडायची वेळ आली तर हातभर सोडून थांबतो.

रिमोट वायरचा आणि बिनवायरचा, दोन्ही आले होते. बिनवायरचा दिसायला भारी, पण त्याचे सेल दोनदा ऐन वेळी संपले. वायरचा गाडीत बसून वापरायचा तर वायर चाकात जात नाही ना एवढं बघायचं. काम झालं की दोन्ही काढून ठेवतो. बाकी गंज म्हणाल तर फक्त बोल्टच्या डोक्यांवर. ड्रम मोकळा सोडायची विंचच्या क्लचची मूठ घट्ट झाली होती, ग्रीसने मोकळी झाली. हीच विंच पुन्हा घेईन का? घेईन, पण त्याआधी कप्पी, रुंद पट्टा, दोन शॅकल आणि चांगलं फावडं घेईन.

सध्या मात्र ती बंद आहे. दोर बारा पदरी विणीचा आहे, वरवर लव सुटली तर घाबरायचं कारण नसतं. पण परवा तपासताना हुकापासून तीन मीटरवर एक पदर अर्ध्याहून जास्त कापलेला सापडला. बहुतेक मागच्या खेपेचा तो धारदार खडक. तेवढा तुकडा उडवून टोकाचा फासा नव्याने विणून घ्यायचा आहे. दोर २१ मीटरच्या आसपास उरेल. तोवर कोणी बोलावलं तर फावडं घेऊन येईन म्हणून सांगितलंय.