मळणी यंत्राला बसवून घेतलेली ग्रीसची पट्टी

मळणी यंत्रात सर्वांत जास्त हयगय होते ती पट्ट्याच्या जाळीमागे दडलेल्या बेअरिंगांची. ड्रमच्या आणि पंख्याच्या शाफ्टची निपले, म्हणजे ग्रीस भरायची तोंडे, तिथेच असल्यामुळे ग्रीस भरण्यासाठी जाळीचे बोल्ट सोडवावे लागतात, आणि सोयाबीनची रास शेतात असताना ते काम हमखास उद्यावर ढकलले जाते. ग्रीस आटलेल्या बेअरिंगमध्ये धूळ शिरली की ते तापते आणि ऐन हंगामात यंत्र उभे राहते.

तालुक्याच्या गावातील एका वर्कशॉपने यावर करून दिलेली सोय मला मनापासून आवडली. बेअरिंगांची मूळ निपले काढून तेथे बारीक नळ्या जोडल्या असून, त्यांची दुसरी टोके यंत्राच्या बाहेरच्या अंगाला कमरेच्या उंचीवर एका लोखंडी पट्टीत आणून निपले तिथे बसवली आहेत. कारागिराने जोडणीपूर्वी प्रत्येक नळीत ग्रीस गच्च भरून घेतले, हे विशेष नमूद करावेसे वाटते. कारण नळी रिकामी राहिली तर ग्रीस दाबायच्या गनचे सुरुवातीचे ग्रीस तिच्यातच मुरते आणि बेअरिंग कोरडेच राहते. नळ्या पुलीपासून लांब नेऊन क्लिपांनी घट्ट आवळल्या आहेत. काम नेटके आहे.

मात्र बेअरिंगच्या कडेच्या सीलमधून ताजे ग्रीस डोकावताना आता बाहेरून दिसत नाही. नळी मध्येच तुंबली तरी चटकन कळणार नाही, आणि हाताशी आले म्हणून वारेमाप ग्रीस दाबले तर सील फाटते. म्हणून अधूनमधून यंत्र बंद करून, जाळी काढून बेअरिंग पाहणे सुटत नाही. ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या पीटीओ शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, फिरते असल्याने त्यांना ही सोय लागू पडत नाही. तेथे ट्रॅक्टर बंद करून गन लावावीच लागते.

जाळीलाही बिजागरी व हाताने उघडणारी कडी लावून देण्याची वर्कशॉपची तयारी होती, ती मी नाकारली. धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी १९८३ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात मळणी यंत्राचा समावेश आहे, आणि हाताने उघडणारी जाळी चालू यंत्रावरही उघडली जाते. पट्टी जरूर बसवून घ्यावी, विशेषतः भाड्याने मळणी करणाऱ्यांनी. जाळीचे बोल्ट मात्र आहेत तसेच ठेवावेत.