बीएडच्या बॅचसाठी काय घ्यावं: व्हॉट्सॲप, टेलिग्राम की गूगल क्लासरूम?

नाशकात बीएडची नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुप काढतं आणि मग दोन वर्षं सगळं त्यावरच चालतं. मी बीएडला शिकवते, म्हणून स्पष्टच सांगते, नोटीस पोचवायला त्याच्या तोडीचं काही नाही, पण शिकण्यासाठी म्हणाल तर तो एकटा पुरत नाही.

मी आधी एक कसोटी लावते. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तीन संशोधकांनी २००० साली ऑनलाइन शिकण्याबद्दल जे मांडलं ते थोडक्यात असं, की माणसं एकमेकांशी मोकळी आहेत का, विचार पुढे सरकतोय का, आणि शिकवणारा तिथे खरोखर हजर आहे का. व्हॉट्सॲप पहिल्यात पास, दुसऱ्यात बहुतेक वेळा नापास.

उदाहरण बघा. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, पेठ तालुक्यातल्या शाळेवर गेलेली छात्राध्यापिका रात्री लिहिते, "सर्व मुलं गप्प बसतात, प्रश्नाला उत्तरच देत नाहीत." त्यावर दोन अंगठे, एक "होतं गं असं", मग पाठ टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) तारखेची नोटीस, कोणाचा तरी वाढदिवस, आणि तिचा प्रश्न वर गेला तो गेलाच. खरं तर बोलण्यासारखं तिथेच होतं! प्रश्न विचारून ती किती वेळ थांबली? मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेच्या अभ्यासात दिसलं होतं की शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात. शिवाय त्या मुलांच्या घरी कोकणा बोली असेल तर प्रमाण मराठीतला प्रश्न आधी मनात उलगडायला वेळ लागणारच ना.

हाच प्रश्न गूगल क्लासरूममध्ये लघुउत्तरी प्रश्न म्हणून टाकला, की सेटिंग तसं ठेवलं तर स्वतःचं उत्तर दिल्यावरच बाकीच्यांची दिसतात आणि मग एकमेकांना रिप्लायही देता येतो. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही प्रश्नोत्तराचा असाच एक प्रकार आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण वर्गात कधीच न बोलणाऱ्या मुलीलाही आधी स्वतः विचार करावा लागतो, हुशार चारजणांच्या मागे लपता येत नाही. तोटा एवढाच की क्लासरूम आपणहून कोणी उघडत नाही, म्हणून लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, आणि सरांनी किंवा मॅडमनी दोन दिवसांत तिथे उत्तर द्यायचंच, नाहीतर तेही ओस पडतं.

टेलिग्रामबद्दल थोडक्यात. ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत लोक मावतात, नंबर लपवता येतो (साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो सगळ्यांना दिसतो, मुलींना हे खरंच खटकतं), मोठ्या फाइल्स जातात. पण बघता बघता त्याचं टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पीडीएफचं गोदाम होतं. नोट्स साठवायला घ्या, चर्चेसाठी नको.

सूक्ष्म अध्यापनाला, म्हणजे आपल्याच सहकाऱ्यांसमोर एकेका कौशल्याचा छोटा पाठ घेण्याच्या सरावाला, मात्र मोठा ग्रुप नकोच. ३६ मिनिटांच्या चक्रात (पाठ, मग सुधारून तोच पाठ पुन्हा) दोन्ही वेळच्या प्रत्याभरणाला, म्हणजे पाठ कसा झाला हे सांगायला, ६-६ मिनिटंच मिळतात, तेवढ्यात कोण काय सांगणार? पाच-सहा जणांचा छोटा व्हॉट्सॲप ग्रुप करा, पाठाचा व्हिडिओ टाका आणि प्रत्येकाने एकाच कौशल्यावर, म्हणजे समजा प्रश्न विचारण्यावर, व्हॉइस नोट द्यायची. तिथे समोर आपलेच मित्रमैत्रिणी असतात म्हणून व्हिडिओ चालतो. शाळेतल्या मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ पालकांना आणि शाळेला विचारल्याशिवाय कुठल्याच ग्रुपवर नको, ॲप कुठलंही असो.

नाशिकजवळ गोवर्धनला असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीएड करणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. ते आधीच नोकरीतले शिक्षक, गावोगावी विखुरलेले, रोज भेट नाही. त्यांनी आपल्याच अध्यापन पद्धतीचे, म्हणजे मराठीवाले मराठीवाल्यांचे, विज्ञानवाले विज्ञानवाल्यांचे आठ-दहा जण जमवून व्हॉट्सॲपच घ्यावं, आणि आठवड्याला एकच प्रश्न ठेवावा.

नियमित कॉलेजवाल्यांनो, नोटीस व्हॉट्सॲपवर आणि चर्चा क्लासरूममध्ये, हे पहिल्या वर्षीच लावून घ्या. दुसऱ्या वर्षीची १६ आठवड्यांची आंतरवासिता सुरू झाल्यावर नवीन सवय लावायला कोणालाच वेळ नसतो, पोरं सकाळच्या एसटीतच पाठ टाचण लिहीत असतात.