डावे पक्ष आणि मुक्त व्यापार करार, ऑनलाइन कोर्स : पाचपैकी साडेतीन

आधीच सांगतो, कोर्स पूर्ण बघून लिहितोय, दहाच्या दहा लेक्चर्स, त्यातलं चौथं तर दोनदा. खाली एकाने "डाव्यांचा प्रचार आहे" म्हणून एक स्टार दिलाय आणि लगेच दुसऱ्याने "डाव्यांना बदनाम केलंय" म्हणून एक स्टार, तेव्हाच वाटलं की यात काहीतरी बरं असणार, म्हणून घेतला.

सुरुवात भारी आहे. मला वाटलेलं पहिल्या लेक्चरला मोर्चे, लाल झेंडे वगैरे, तर सर डायरेक्ट जानेवारी १८४८ च्या ब्रसेल्समध्ये घेऊन जातात, मार्क्सचं भाषण, आणि त्यात तो चक्क मुक्त व्यापाराच्या बाजूने बोलतो! कारण अर्थात त्याचं स्वतःचं, की याने जुनं सगळं मोडतं, मालक-मजूर भांडण टोकाला जातं आणि क्रांती लवकर येते. मग ब्रिटनच्या लेबर पार्टीचा फिलिप स्नोडन, दोनदा अर्थमंत्री झालेला, जकात म्हटलं की अंगावर धावून येणारा माणूस, कारण आयातीवर कर म्हणजे गरिबाचं खाणं महाग हा त्याचा साधा हिशोब. १९३२ मध्ये ओटावा करारांवरून (साम्राज्यातल्या देशांना सवलत, बाहेरच्या मालावर जकात) त्याने मंत्रिपद सोडलं (तोपर्यंत लेबरनेच त्याला काढून टाकलं होतं, ती वेगळी भानगड). म्हणजे "डावे मुळातच व्यापाराच्या विरोधात" हे किती अर्धवट आहे ते अर्ध्या तासात कळतं.

आता चौथं लेक्चर, कोर्सचा जीव इथेच आहे. सर म्हणतात करार उघडून बघा, जकातीची प्रकरणं थोडीच असतात, बाकी सगळं पेटंट, सेवा, सरकारी खरेदी, डेटा आणि गुंतवणूक, आणि डाव्यांचा खरा राग या बाकीच्यावर असतो. त्यातही गुंतवणूकदार-सरकार वादाच्या लवादावर, म्हणजे परदेशी कंपनी देशाच्या कोर्टाला बाजूला ठेवून सरकारला थेट तीन लवादांसमोर, म्हणजे नेमलेल्या पंचांसमोर, उभं करू शकते, आणि सरकारने काढलेला एखादा पर्यावरणाचा किंवा आरोग्याचा नियम आपल्या गुंतवणुकीला मारक आहे असं म्हणून भरपाई मागू शकते. कामगाराला असा काही दरवाजा नसतो. हे इतकं सोपं करून सांगितलंय की माझ्यासारख्या कॉमर्स सोडून पळालेल्या माणसालाही समजलं.

पण इथेच एक मोठी चूक आहे आणि ती कोणीच लिहिली नाही म्हणून मी लिहितो. सर दोन उदाहरणं देतात, सिगारेट ब्रँडच्या लोगोशिवाय साध्या पाकिटांत विकायच्या सक्तीवरून सिगारेट कंपनी फिलिप मॉरिस विरुद्ध ऑस्ट्रेलिया आणि अणुवीज बंद केल्यावरून स्वीडनची वीज कंपनी वॅटनफॉल विरुद्ध जर्मनी. अहो, यातलं एकही मुक्त व्यापार कराराखालचं नाही! पहिलं हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक करारातलं आणि दुसरं एनर्जी चार्टर ट्रीटी या ऊर्जेच्या बहुदेशीय करारातलं. शिवाय फिलिप मॉरिसचा दावा २०१५ मध्ये लवादाने ऐकायलाच नकार दिला, कारण भांडण दिसत असतानाच कंपनीने मालकी हाँगकाँगकडे फिरवली होती, आणि वॅटनफॉलमध्ये निकाल आलाच नाही, २०२१ ला तडजोड झाली. लेक्चर ऐकून मात्र वाटतं दोन्हीकडे कंपनीने सरकारला लोळवलं. नाफ्टातलं, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या मुक्त व्यापार करारातलं, मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीचं प्रकरण घेतलं असतं तर मुद्दा नीट बसला असता, मेक्सिकोतल्या एका नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या डेपोला बांधकाम परवाना नाकारला आणि २००० साली लवादाने मेक्सिकोला दीड कोटी डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. एवढं हाताशी असलेलं उदाहरण सोडून भलतीकडे का गेले कळत नाही.

नाफ्टाची दोन लेक्चर्स मस्तच. १ जानेवारी १९९४, करार लागू झाला त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापाटिस्ता या डाव्या आदिवासी बंडखोरांचा उठाव, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण अमेरिकी प्रतिनिधीगृहातलं मतदान मला नवीन होतं. २३४ विरुद्ध २०० ने पास झालं, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातले १५६ जण विरोधात, बाजूने फक्त १०२. राष्ट्राध्यक्ष आपला आणि मतं विरोधी पक्षाची! (डेमोक्रॅट हे डावे का, यावर सर दहा मिनिटं घालवतात, स्किप करा.) मग नाफ्टाच्या जागी २०२० चा नवा करार येतो, त्यात अमेरिका-कॅनडामधली ती लवादाची तरतूद निघते आणि कामगारांचे हक्क डावलले तर एकेका कारखान्याविरुद्ध तक्रार करायची सोय होते. मेक्सिकोत सिलाओच्या जनरल मोटर्स प्लांटमध्ये ही सोय वापरल्यावर कामगारांनी आधी जुन्या युनियनने केलेला कामगार करार मतदानाने फेकला आणि २०२२ मध्ये नवीन स्वतंत्र युनियन निवडून आणली. हे सांगताना सरांचा आवाज बदलतो, ऐकण्यासारखं आहे. तरीही अमेरिकेतले डावे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी या कराराविरुद्धही मत दिलं, आणि अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कामगार महासंघाने पाठिंबा दिला. एकाच बाजूचे लोक, एकाच कागदावर दोन मतं.

म्हणूनच सातव्या लेक्चरची मी वाट बघत होतो, "सत्तेतले डावे", आणि ते निघालं सगळ्यात छोटं, वीस मिनिटं. वैतागच आला. खरा मसाला तर इथेच होता! न्यूझीलंडची लेबर पार्टी विरोधात असताना टीपीपी या पॅसिफिक देशांच्या व्यापार करारावर तुटून पडायची, सत्तेत आल्यावर मार्च २०१८ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती सही केली, हो, लवादाचा वापर रोखणारी किंवा मर्यादित करणारी वेगळी पत्रं काही देशांकडून घेऊन, पण केली. ब्राझीलचे डावे राष्ट्राध्यक्ष लूला २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लातात अमेरिकेचा खंडभर करार अडवणाऱ्यांत होते आणि नंतर तेच युरोप-मर्कोसूर (ब्राझील, अर्जेंटिना वगैरेंचा गट) करारासाठी जोर लावत होते, फक्त सरकारी खरेदीवरचा हात सोडायला तयार नव्हते. व्हिएतनाममध्ये तर कम्युनिस्ट पक्षच एकटा सत्तेत, आणि युरोपशी करार २०२० पासून चालू. याउलट २००९ ला केरळात आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी भारताने केलेल्या कराराविरुद्ध मानवी साखळी करणारी डावी आघाडी राज्यात सत्तेतच होती, पण सही दिल्लीची! सही कोणाच्या हातात आहे यावर भूमिका किती हलते, हा प्रश्न सरांनी नुसता शिवून सोडलाय. फ्रान्सच्या सिनेटने मार्च २०२४ मध्ये युरोप-कॅनडा करार २११ विरुद्ध ४४ ने फेटाळला, त्यात कम्युनिस्ट आणि उजवे रिपब्लिकन एका ओळीत, यावर फक्त एक स्लाइड. एकच!

तांत्रिक बाजू यथातथा. आवाज स्वच्छ, पण सबटायटल्स बहुतेक मशीनने केलीत, पूर्ण कोर्सभर "लवाद" च्या जागी "लबाड" आलंय, त्यामुळे "तीन लबाड बसून निर्णय देतात" असं वाचायला मिळतं. डाव्या मंडळींना ही चूक दुरुस्त व्हायला नको असेल!

शेवटच्या टेस्टमध्ये प्रश्न आहे, "डावे पक्ष मुक्त व्यापाराच्या विरोधात असतात, चूक की बरोबर". दहा लेक्चर्स ऐकून मी "चूक" दिलं तर लाल फुली. सपोर्टला मेल केला, "उत्तर तपासून अपडेट करू" असं आलं, दीड महिना झाला, माझ्या सर्टिफिकेटवर अजून दहापैकी नऊच आहेत.