गिनीपिगची गोळीपेंड, २५ किलोचं पोतं: छोट्या पालनाला परवडतं का?

गोळी टणक, तळाला भुगा कमी. इथवर पोतं पास. खरी मेख उत्पादनाच्या तारखेत आहे. गिनीपिगच्या शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, आणि पेंडीत घातलेलं साधारण ९० दिवसांत उतरतं. दमट कोपऱ्यात त्याआधीच. हिरव्या चाऱ्यासोबत डोक्यामागे रोज २५ ग्रॅम धरा. २० जनावरांना पोतं ५० दिवस पुरतं, १० जनावरांना १०० दिवस. म्हणजे १० वाल्यांना किलोमागे स्वस्त पडूनही शेवटची पेंड नुसती पोट भरते. मग व्हिटॅमिन सी कमी पडून सांधे सुजलेली, लंगडणारी मादी काय पिल्लं वाढवणार? गाभणकाळ सुमारे ६८ दिवसांचा. एक वेत बुडालं की पेंडीतली बचत कधीच गेली. सशाची पेंड तर नकोच, तीत सहसा व्हिटॅमिन सी घातलेलं नसतं. उत्पादनाची तारीख मात्र शिवणीजवळ पुसट छापलीय, उजेडात धरून वाचा.