पीसी धड चालू होईना म्हणून बेळगावात टिळकवाडीतल्या या दुकानात नेला, कसं वाटलं ते सांगतो

डेस्कटॉपचं बटण दाबल्यावर फॅन फिरतोय पण मशीन काय वर येत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. लॅपटॉपवाल्यांनी आधी शेवटी दिलेल्या तक्रारी वाचा, नाहीतर उगीच हेलपाटा व्हायचा.

आमच्या पीसीचं असं झालेलं की सकाळी बटण दाबलं की फॅन फिरायचा, दोन सेकंदात बंद, मग आपोआप चालू, परत बंद, असं बराच वेळ करून कधीतरी विंडोजचा लोगो यायचा आणि तिथनं पुन्हा रिस्टार्ट. दुपारी मात्र गपगुमान चालायचा. वर तारीख रोज चुकलेली, त्यामुळं इंटरनेट उघडलं की प्रत्येक साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवून धरायची. घरातनंच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं सगळं श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमध्ये आणि कन्नड अर्ज नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मशीन बंद तर काम बंद, आणि ते पण ऐन सीझनला.

आधी बाजारातल्या एका दुकानात नेलेलं, नाव घेत नाही. त्यांनी कॅबिनेटचा एक स्क्रू पण न काढता 'मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून बघूया' म्हणून सांगितलं, म्हणजे सगळं पुसून विंडोज परत टाकायचं. आता जे मशीन विंडोज यायच्या आधीच मान टाकतंय त्याला फॉरमॅट मारून काय होणार हे मला अजून कळलेलं नाही. आपल्याकडं फॉरमॅट म्हणजे अंगारा झालाय, काही झालं की लाव. वर श्रीलिपीचं डोंगलसकट (ते चालायला मशीनला लावावी लागणारी चावी) जुनं सेटिंग परत बसवायचं म्हणजे काय ताप असतो ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

तर हे दुकान. जागा एवढीशी, दोन टेबलं, येणाऱ्याला माणूस बघून 'बर्री, कुंड्री' नाहीतर 'या, बसा'. मालकांनी पहिल्यांदा मशीनला हात न लावता प्रश्नच विचारले: सकाळीच होतं का दिवसभर, बीप वाजतो का, लाईट जाऊन आल्यावर सुरू झालं का. मग सगळं काढून ठेवलं, हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, एकच रॅम ठेवली, तिचे पिवळे दात खोडरबरानं हलके घासून परत बसवली आणि बोर्डाला छोटा स्पीकर लावला. एक छोटा बीप आला. म्हणाले, बोर्ड, प्रोसेसर, रॅम जिवंत आहेत, नाहीतर हा असा वाजला नसता. मदरबोर्ड गेलाय म्हणणाऱ्याचा निकाल तिथंच लागला.

मग व्होल्ट मोजायचं मीटर. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला पॉवर देणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट पाहिजेत, पाच टक्के इकडं तिकडं चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. मला काटा बघायला जवळ बोलावलं. मशीन चालू करताना आकडा ११ च्या पण खाली घसरत होता आणि बोर्ड लगेच मान टाकत होता. आतले कंडेन्सर म्हातारे झाले की गार असताना नीट काम करत नाहीत, थोडे तापले की जरा जोर येतो, म्हणून सकाळी रडगाणं आणि दुपारी बरं. त्यात आपल्याकडं पावसाळ्यात सकाळी कसा गारठा असतो ते वेगळं सांगायला नको. एसएमपीएस उघडून दाखवला तर दोन कंडेन्सरची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाला तपकिरी डाग.

नवीन घेताना दोन एसएमपीएस माझ्या हातात दिले, दोन्हीवर ४५० वॅट छापलेलं, पण एक खेळण्यासारखा हलका आणि दुसरा चांगला जड. लेबल वाचू नका, वजन बघा म्हणाले. लोकल हजाराच्या आत येतो, चांगला अडीच-तीन हजाराच्या घरात, मी चांगला घेतला. तारखेचं दुखणं बोर्डावरच्या सीआर२०३२ सेलचं होतं, तो सेल पन्नासच्या आत, आणि तेवढ्यानं इंटरनेटचा घोळ पण मिटला.

मला सगळ्यात पटलं ते पुढं. पॉवर सुधारल्यावर विंडोज 'ऑटोमॅटिक रिपेअर' मध्येच गोल गोल फिरायला लागलं, सारखं अचानक बंद पडून डिस्कवरच्या फायली बिघडलेल्या. तरी त्यांनी फॉरमॅटचं नाव काढलं नाही. डिस्क त्यांच्या मशीनला जोडली, आधी सगळा डेटा दुसरीकडं उतरवला आणि मगच डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवलं, कारण दुबळ्या डिस्कवर आधी दुरुस्ती सुरू केली आणि ती मधेच बसली तर फायली पण गेल्या. बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवर खराब झालेल्या जागा निघाल्या म्हणून सगळं जसंच्या तसं एसएसडी या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करून दिलं. घरी आणून डोंगल लावलं, श्रीलिपी उघडलं, अर्धवट राहिलेली पत्रिका तिथंच होती.

नवीन मशीनच घेऊ का असं पण विचारलेलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा नाहीतर पुढचा लागतो. मालक म्हणाले डीटीपीला हेच ठेवा, फक्त सुरक्षेसाठी बँकेचं काम यावर करू नका. विकायचा मोका असून विकलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

आता तक्रारी. माणूस एकटा, त्यामुळं वेळ लागतो, 'उद्या देतो' म्हणजे परवाच धरा. फोन उचलत नाहीत. डेटा उतरवायचे वेगळे पैसे लागतात हे आधी सांगायला पाहिजे होतं, रक्कम जास्त नव्हती पण बिल बघून दचकलो. बिल सुद्धा मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्याच, वॉरंटीला लागतं. गाडी लावायला जागा नाही, पावसात कॅबिनेट छातीशी धरून बोळातनं पळावं लागतं. लॅपटॉपचा बोर्ड ते स्वतः करत नाहीत, दुसरीकडं पाठवतात, त्यापेक्षा तुम्हीच थेट दुसरीकडं न्या.

खानापूर, चंदगडकडनं येणार असाल तर नुसतं कॅबिनेट आणा, मॉनिटर-कीबोर्ड तिथं आहेत. डोंगल असेल तर तेवढं खिशात ठेवा आणि विंडोजचा पासवर्ड कागदावर लिहून आणा, नाहीतर फोनवर कॅपिटल का स्मॉल यातच संध्याकाळ जायची.