हेलिओव्ह्यूअर: ज्वाला दिसते, पण तिने पृष्ठभागावर काय केलं?

आषाढात कोल्हापूरवर ढग बसले की दुर्बिणीवरचं कापड काढण्यातही अर्थ नसतो. अशा दिवसांत सूर्य शिकवायचा तर हेलिओव्ह्यूअर डॉट ऑर्ग ही साइट. नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक यानाने 2010 पासून टिपलेला सूर्य इथे फुकट उघडतो. पाहण्यासाठी नाद खुळा, मोजण्यासाठी मात्र कुचकामी.

पारखायला 15 फेब्रुवारी 2011 ची एक्स 2.2 (एक्स म्हणजे सर्वांत जोरदार वर्ग) सौरज्वाला घ्यावी. तिचा कळस यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) 01:56 चा, म्हणजे आपल्याकडे सकाळी 7:26. रंकाळ्यावर ऊन जेमतेम पोचलेलं. साइटवर वेळ यूटीसीतच द्यायची. साडेपाच तास वजा करायचे राहिले की पडद्यावर विझलेली ज्वाला येते. एआयए 171 (यानावरच्या अतिनील कॅमेऱ्याची 171 अँगस्ट्रॉम तरंगलांबी) च्या थरात, तबकडीच्या मध्यापासून खाली आणि किंचित उजवीकडे, 11158 हा डागसमूह सापडतो. कळसाला दिसणारा पांढरा फुलीसारखा फराटा ज्वालेचा आकार नव्हे, तो उपकरणाचा दोष.

आता थर बदलून एचएमआय मॅग्नेटोग्राम, म्हणजे यानावरच्या दुसऱ्या उपकरणाचा चुंबकीय क्षेत्राचा नकाशा, लावा. पांढरं म्हणजे आपल्याकडे येणारं क्षेत्र, काळं म्हणजे दूर जाणारं. ज्वाला पेटलेली असताना एखाद्या ठिपक्याची ध्रुवता (पांढऱ्याची काळी किंवा उलट) पालटलेली दिसली तर हुरळून जाऊ नये. 6173 अँगस्ट्रॉमची लोहाची वर्णरेषा त्या क्षणी बिघडते आणि उपकरण फसतं. खरा बदल काही मिनिटांत पायरीसारखा होतो आणि तसाच टिकतो. म्हणून 01:30 आणि 03:00 ची चित्रं शेजारी ठेवून पाहायची, मधली सोडायची.

एवढं करूनही हाती फारसं लागत नाही, आणि साइटची खरी उणीव हीच. ज्वालेत वरचे चुंबकीय फास तुटून नव्याने जुळतात, काही खाली दबतात. त्यामुळे दोन ध्रुवतांच्या सीमारेषेवर पृष्ठभागालगतचं क्षेत्र आडवं होतं. या ज्वालेत आडवा घटक सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. तिथली झालर (डागाभोवतीचा फिकट पट्टा) गडद होते, डागाच्या बाहेरच्या कडेची विरते. पृष्ठभागावर सूर्यकंपाच्या लहरीही उठल्या होत्या. पण इथला मॅग्नेटोग्राम फक्त दृष्टिरेषेतला, म्हणजे आपल्या दिशेचा, घटक दाखवतो. डाग मध्याजवळ असला की आडवं क्षेत्र त्यात जवळपास येतच नाही. शिवाय चित्रं 8 बिटची, म्हणजे फक्त 256 छटांची, गॉस (क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक) काढायला निरुपयोगी.

मोजायचंच असेल तर स्टॅनफर्डच्या जेसॉक या माहितीसाठ्यावर ईमेल नोंदवून एचएमआय डॉट शार्प_सीईए_720एस ही मालिका मागवावी, हार्प क्रमांक (त्या मालिकेत या डागसमूहाला दिलेला क्रमांक) 377. बीपी आणि बीटी या दोन फायलींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आडवं क्षेत्र. चौकट दर 12 मिनिटांनी, वेळ टीएआयमध्ये, म्हणजे अणुघड्याळांच्या वेळेत. यूटीसी हवी तर 2011 साठी 34 सेकंद वजा करायचे.

विषुवदिनांच्या (मार्च आणि सप्टेंबर) आसपासचे काही आठवडे आपल्या दुपारच्या सुमाराला चित्रं गायब असतात. तेव्हा नेटवाल्याला शिव्या देऊ नयेत, यान आणि सूर्य यांच्यामध्ये पृथ्वी आलेली असते.